मिसेस पेल यांची सोबतीण

“मोठ्या बोटीनं जा,” गोदूआत्या म्हणाली. “त्या लहानीनं नको.”

तिला आम्ही काही विचारलंच नव्हतं. कोल्हापुरातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं पसरलेली होती आणि मी नि यदुनाथ, माझे यजमान, आठवडाभर चाललेला वाद पुन्हा घालत बसलो होतो. यदुनाथांनी त्या वर्षी फाउंड्रीतून अंग काढून घेतलं होतं. लग्नालाही तीस वर्षं होत होती. नॉर्वेच्या किनाऱ्यानं दहा दिवसांची सफर करायची एवढं पक्कं होतं. कुठल्या बोटीनं, हे ठरत नव्हतं.

दोन्ही बोटी सारख्याच ऐषारामाच्या. एकीवर तीन हजार प्रवासी, चौदा मजले, नाटकगृह, जेवायला अकरा ठिकाणं. दुसरीवर प्रवासी फक्त एकशे दहा. तिच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की दुसऱ्या दिवसापासून बोटीवरचा प्रत्येक माणूस तुम्हाला नावानं हाक मारेल. यदुनाथांना ते फार आवडलं होतं. मला मोठीच बरी वाटत होती, कारण तिच्यावर पाणी लांब, खूप खाली राहतं. मी पाच वर्षांची असताना माझी आई मिरजेजवळ कृष्णेत बुडाली. तेव्हापासून पाण्याकडे तोंड करून मला बसवत नाही.

“का गं आत्या, लहानीनं का नको?” मी विचारलं.

“लहान जागेत माणसं चौकशा करतात.”

आत्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. लहानपणीच विधवा होऊन ती माझ्या वडिलांकडे राहायला आली, आणि आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आयुष्यात तिनं बोट पाहिली नव्हती. तरी ते लहान बोटीचं माहितीपत्रक तिनं घडी घालून बाजूला सारलं, आणि त्या दिवशी दोन घास खाऊन पानावरून उठली.

मी तिचं सगळं ऐकत आले होते. कुठलं पातळ नेसायचं इथपासून कुणाशी लग्न करायचं इथपर्यंत. त्या संध्याकाळी काय झालं कोण जाणे, चोपन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, हे नाही ऐकायचं. मीच यदुनाथांना म्हटलं, “लहानीचं तिकीट काढा.”

जूनमध्ये आम्ही बर्गन बंदरात त्या बोटीवर चढलो. तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळल्यासारखा वाटतच नाही. संध्याकाळचे सात वाजले तरी आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं ऊन. त्या उन्हात सगळं फार शांत असतं. पाणी हलत नाही, डोंगर हलत नाहीत, बोट चालतेय हेसुद्धा किनाऱ्यावरची घरं मागं सरकताना दिसली की मगच कळतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो. जेवणघराच्या दारात एक पांढऱ्या केसांचा, सावळा, उंच माणूस यादी घेऊन उभा होता. यादीतून मान वर न करताच त्यानं आमचं इंग्रजीत स्वागत केलं. मग वर बघितलं.

“या बाई,” तो मराठीत म्हणाला.

आणि तिथंच थांबला. माणसाच्या तोंडावरचा रंग उतरतो असं आपण नुसतं म्हणतो. मी तो उतरताना पाहिला.

“तुम्ही मराठी?” यदुनाथ खूश होऊन म्हणाले.

“सावंतवाडीचो मी. आग्नेलो.” तो बोलत यदुनाथांशी होता, पण बघत माझ्याकडे होता. “बाई, तुम्ही तशाच राहिलात.”

“तुमचा काहीतरी घोटाळा होतोय,” मी म्हटलं. “मी पहिल्यांदाच आलेय.”

“होय, होय. माझाच घोटाळा.”

तो आम्हाला टेबलाकडे घेऊन गेला. सगळ्या खिडक्यांतून पाणी दिसत होतं आणि जो तो पाण्याकडे तोंड करून बसला होता. आग्नेलोनं कोपऱ्यातल्या टेबलाची एक खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड असलेली, पाण्याकडे पाठ येईल अशी. ती त्यानं माझ्यापुढे धरली. मी बसल्यावर माझ्या समोरच्या कपाचा कान त्यानं डावीकडे फिरवला.

मी डावखुरी आहे. तोवर मी हातसुद्धा वर केला नव्हता.

“यांना कसं कळलं?” मी यदुनाथांना हळूच म्हटलं.

“अगं, लहान बोटीचा हाच तर फायदा. आपल्या अर्जात लिहिलं असेल मी.”

“लिहिलंत का?”

ते आठवायला लागले. तेवढ्यात आग्नेलो पुन्हा जवळ आला. “बाई, खोलीत ती पांढरी फुलं ठेवली होती ती मी काढायला सांगितली आहेत. तुमचं डोकं धरतं ना त्यानं.”

उग्र वासाच्या पांढऱ्या फुलांनी माझं डोकं धरतं हे यदुनाथांना ठाऊक आहे, आत्याला आहे, माझ्या मुलीला आहे. चौथ्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आग्नेलोला गाठायला गेले तर तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. तिसऱ्या दिवशीही तसंच. माझ्याकडे बघायचं टाळत होता, पण माझ्या पानात माझ्या आवडीचं बरोबर येत होतं. साखरेशिवाय चहा, त्यात आल्याचा तुकडा. भात थोडा, आणि शेवटी. मी काही मागायच्या आत ते समोर असे. आपल्या पावलाच्या एक पाऊल पुढे कुणी बाई चालतेय, आणि आपण फक्त तिच्या पावलांवर पाऊल ठेवतोय, असं मला वाटायला लागलं. यदुनाथांना मी हे बोलले नाही. ते इतके आनंदात होते.

चौथ्या दिवशी पाऊस होता म्हणून सगळे आत बसले. वाचनालयात एका फडताळात जुने फोटोंचे आल्बम लावून ठेवले होते, वर्षांप्रमाणे. दरवर्षी शेवटच्या दिवशी प्रवाशांचा एकत्र फोटो काढायचा अशी त्या बोटीची पद्धत. यदुनाथ सहज एकेक काढून चाळत होते. मी विणकाम घेऊन बसले होते. बराच वेळ त्यांनी पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वर बघितलं.

“हेमा,” ते म्हणाले, “इकडे ये.”

फोटो १९९० सालचा होता. डेकवर तीन रांगा. पहिल्या रांगेत मधोमध चाकांच्या खुर्चीत एक गोरी म्हातारी, गुडघ्यांवर शाल. आणि तिच्या खुर्चीच्या मुठींवर हात ठेवून मी उभी होते.

फिक्या रंगाची साडी, तिच्यावर लोकरीचा कोट. माझा भांग. माझी हनुवटी. फोटो काढताना मी डावा खांदा जरा खाली सोडते, त्यावरून आमची मुलगी मला नेहमी चिडवते. तो खांदासुद्धा तसाच खाली. मी तेव्हा, त्या फोटोच्या समोर उभी होते तेव्हा, जेवढ्या वयाची होते, तेवढ्याच वयाची ती बाई. १९९० साली मी बत्तीस वर्षांची होते आणि कोल्हापुरात मुलीला शाळेत सोडत होते.

खाली टंकलिखित नावांची पट्टी होती. त्या जागी लिहिलं होतं, मिसेस पेल आणि सोबतीण.

यदुनाथांनी माझा हात धरला.

आग्नेलोला आम्ही जेवणघरातच गाठलं. दुपारची जेवणं आटपली होती, तो एकटा मेजपोस सारखे करत होता. मी आल्बम उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं फोटोकडे बघितलंच नाही. खुर्ची ओढून बसला.

“मला वाटलं होतं भूत आलं,” तो म्हणाला. “खरंच सांगतो बाई. सोळा वर्षांनी तीच बाई दारात उभी, एक केस पांढरा झालेला नाही. रात्री मी माळ घेऊन बसलो. मग विचार केला, भुताला नवरा कशाला असेल.”

“कोण होत्या त्या?”

“अंबिकाबाई.”

ते नाव मी आत्याच्या तोंडून वर्षातून एकदाच ऐकत असे. पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला. त्या दिवशी आईच्या नावानं आमच्याकडे एक सवाष्ण जेवायला बोलवत आणि तिच्या पानापुढे पाणी सोडताना आत्या पुटपुटे, अंबिका.

आग्नेलो सांगत गेला. अंबिकाबाई नर्स होत्या. विलायतेत मिसेस पेल नावाच्या श्रीमंत म्हातारीकडे तिच्या सोबतीला राहत. दर जूनमध्ये दोघी या बोटीवर येत. आठ वर्षं आल्या. आग्नेलो नवा होता, कोकणातला आहे कळल्यावर बाई त्याच्याशी मराठीत बोलत. स्वतःबद्दल काही नाही. पाऊस किती झाला, गणपतीला गावी जाणार का, एवढंच.

“आणि एक. चढल्या चढल्या माझ्याकडे प्रवाशांची यादी मागायच्या. विचारायच्या, मिरजेचं कुणी आहे का. दरवर्षी. मी म्हणायचो, नाही. मग जेवायला बसायच्या. शहाण्णव साली मी म्हटलं, आहेत. डॉक्टर आठल्ये आणि मिसेस आठल्ये.”

“मग?”

“मग बाई आठवडाभर खोलीबाहेर पडल्या नाहीत. मी जेवण दारात ठेवायचो. शेवटच्या दिवशी उतरताना त्या जोडप्यानं त्यांना बघितलंच. लहान बोट, एकच जिना, कुठं लपणार. जाताना मला म्हणाल्या, आग्नेलो, पुढल्या वर्षीपासून आम्ही मोठ्या बोटीनं येणार. तिथं कुणी कुणाला विचारत नाही.”

यदुनाथांनी विचारलं, “त्या यादी का मागायच्या? कुणी ओळखेल म्हणून घाबरून?”

“मला तसंच वाटलं होतं.” आग्नेलोनं माझ्याकडे बघितलं. “आता सांगता येत नाही.”

पाऊस थांबला तसा फोन लागायला लागला. मी डेकवर जाऊन कोल्हापूरला फोन लावला. आत्यानंच उचलला.

“आत्या, आई कृष्णेत बुडाली ना?”

तिकडे तिनं दार लोटल्याचा आवाज आला.

“कुठल्या बोटीवर आहेस?” तिनं विचारलं.

“लहान.”

“मग आता मला कशाला विचारतेस.”

तिकडे आत्याच बोलायला लागली, सावकाश, जणू बरीच वर्षं तिनं ते पाठ करून ठेवलं होतं. “तिला विलायतेत नर्सची जागा मिळाली होती. दादा नको म्हणाला. ती गेली. तुला पुढच्या वर्षी नेते म्हणाली. दादा म्हणाला, गेली ती आपल्याला मेली. मग लोकांनाही तेच सांगितलं. तेराव्याला शंभर पानं उठली. पत्रं यायची. दादा परत पाठवायचा. तो गेल्यावर येणं बंद झालं.”

“आणि आठल्ये?”

“सांगून गेले मला. मी म्हटलं, तुमची चूक होतेय.” तिचा श्वास ऐकू येत होता. “माझ्याकडे तूच होतीस गं. दुसरं काय होतं माझ्याकडे.”

एकोणपन्नास वर्षं आमच्या घरात जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडलं जात होतं. पुढे आत्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा तर भांडं मीच धरत असे.

मी परत खाली आले तेव्हा आग्नेलो दारात थांबला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “परवा ज्या गावाला आपण लागतो, तिथं त्या दिवशी मोठी बोटही असते. दरवर्षी हेच वेळापत्रक. धक्क्यावर कॉफीचं दुकान आहे, बाहेर बाक आहे. बाई तिथं बसतात. मिसेस पेल गेल्या कधीच्या, पण ह्या दर जूनला येतात. मला लांबून हात करतात, तोंड काही नीट दिसत नाही. गेल्या वर्षी होत्या. यंदाचं माहीत नाही, म्हणून तर तुम्हाला दारात बघून भूत वाटलं.”

ते गाव म्हणजे डोंगराच्या कपारीत वीस-पंचवीस घरं. आम्ही पोचलो तेव्हा मोठी बोट आधीच आली होती. खोल पाण्यात उभी होती, चौदा मजल्यांची, पांढरी, आणि तिच्यामुळे समोरचा कडाच दिसेनासा झाला होता. गावातली निम्मी घरं तिच्या सावलीत होती. तिच्यावरून होड्या भरभरून माणसं किनाऱ्याला येत होती. हजारो माणसं, पण त्या दरीत आवाज कसा तो उठत नव्हता.

यदुनाथ धक्क्याच्या टोकाशी थांबले. “मी इथं आहे,” एवढंच म्हणाले.

बाकावर ती होती. राखाडी कोट, पायात बूट, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. सगळं जग जे बघायला आलं होतं त्या पाण्याकडे तिची पाठ होती. हातातल्या कपाचा कान डावीकडे.

मी चालत गेले. वीसेक पावलांवर असताना तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं फक्त डावा हात उचलून कानावरचे केस मागं सारले, आरशासमोर आपण सारतो तसे. समोरच्या आरशातल्या बाईनं, म्हणजे मी, मात्र तसं केलं नाही. तिचा हात तिथंच कानाशी राहिला.

“बसू का?” मी इंग्रजीत विचारलं. का इंग्रजीत, ते मला आजही सांगता येणार नाही.

“बाक सगळ्यांचा आहे,” तीही इंग्रजीतच म्हणाली. हात खाली घेतला.

मी बसले. आम्ही दोघी पाण्याकडे पाठ करून दुकानाच्या भिंतीकडे बघत राहिलो.

“तुम्ही लहान बोटीवरच्या,” ती म्हणाली. “तिकडची माणसं सावकाश चालतात. कुणी ना कुणी थांबवून बोलणार अशी त्यांना सवय झालेली असते.”

“तुम्ही मोठीवरच्या?”

“सोळा वर्षं. त्याआधी आठ वर्षं लहानीवर होते.”

“मग बदललीत का? लोक तर लहान बोटच चांगली म्हणतात.”

“लहान बोटीवर एक वेळ जेवायला गेलं नाही तर दार वाजवतात, बरं आहे ना विचारतात. मोठीवर मी गेल्या वर्षी तीन दिवस तापानं पडून होते. कुणाला पत्ता नव्हता.”

“ते वाईट.”

“तेच हवं होतं म्हणून तर गेले होते मी.” तिनं कप तोंडाला लावला. तो रिकामा होता. “तुमच्या घरी कोण कोण आहे?”

“यजमान आहेत, ते तिकडे उभे आहेत. मुलगी बंगळुरात असते. डॉक्टर आहे. आणि घरी आत्या.”

“अजून आहे?”

ते तिच्या तोंडून निसटलं. तिनं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती की मी मान वळवली तर बाकावर कुणीच नसेल.

“आहे,” मी म्हटलं. “थकलीय.”

तिनं मान हलवली. समोरून माणसांची रीघ चालली होती, टोप्या घातलेली, आइस्क्रीम खाणारी. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एकामागून एक, प्रत्येकाच्या. एकही सोडत नव्हती.

“मोठ्या बोटीवर,” मी विचारलं, “प्रवाशांची यादी बघायला देतात का?”

तिनं रिकामा कप बाकावर ठेवला.

“नाही देत. तीन हजार नावं असतात.” आणि मग, “म्हणून मी इथं बसते. दोन्ही बोटींची माणसं इथूनच जातात.”

मोठ्या बोटीचा भोंगा वाजला. त्या दरीत तो डोंगरांवर आपटून चार वेळा परत आला, दरवेळी जरा खालच्या आवाजात. तिची होडी धक्क्याला लागली होती. ती काठी टेकून उठली. मीही उठले. लहानपणी मी तिच्याकडे मान वर करून बघत असे. आता ती माझ्या खांद्याला लागत होती.

चार पावलं गेली आणि वळली.

“केस बांध,” ती मराठीत म्हणाली. “वारा आहे.”

मी रुमाल काढून केस बांधेपर्यंत ती थांबली. मग होडीत जाऊन बसली, आणि या खेपेला गावाकडे तोंड करून.

आग्नेलोकडे तिचा पत्ता होता, तिच्याकडून नाताळला कार्ड येई. कोल्हापूरला आल्यावर मी तिला दोन ओळी लिहिल्या. पुढच्या जूनमधली मोठ्या बोटीची तारीख आणि माझ्या खोलीचा नंबर. बाकी काय लिहावं सुचेना. उत्तर आलं नाही. त्या वर्षी अविधवा नवमीला मी सवाष्ण बोलावली नाही. आत्यानं दिवसभर काही विचारलं नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “कशी दिसते गं आता?” मी म्हटलं, “म्हातारी.” त्या थंडीत आत्या वारली.

जूनमध्ये मी एकटीच निघाले. यदुनाथ म्हणाले, मी येत नाही, तू जा. मोठ्या बोटीवर चढायलाच दोन तास रांगेत उभी होते. जेवणघर आमच्या गावातल्या मंगल कार्यालयापेक्षा मोठं होतं. दारातल्या पोरसवदा माणसानं हसून, माझ्याकडे न बघता विचारलं, “किती जणांसाठी टेबल?”

मी मागं वळून गर्दीकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे वळले, आणि एक बोट वर केलं.

“दोघी आहोत,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.